आठ रत्तलांचे ओझे

आंबिवलीला कोणी सहलीसाठी जात नाही. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसले की शहाड जाते, आंबिवली येते, आणि गर्दी उतरायची ती टिटवाळ्याला, महागणपतीच्या दर्शनाला. आंबिवलीला उतरणारा माणूस एक तर तिथेच राहणारा असतो किंवा तिथे राहणाऱ्याचा पाहुणा. घाटाच्या पायथ्याशी, कर्जत तालुक्यात दुसरी एक आंबिवली आहे. तिच्याजवळ लेणे आहे, डोक्यावर पेठचा किल्ला आहे, आणि डोंगर चढणारी मंडळी आंबिवली म्हटले की तीच समजतात. आमची आंबिवली ती नव्हे. आमच्या आंबिवलीला लेणे नाही, किल्ला नाही. आमच्याकडे मामा होते.

मामा मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन ही कंपनी १९४६ साली निघाली, आणि उल्हास नदीकाठच्या त्या कारखान्याने आंबिवली-मोहन्याच्या भातखाचरांत चाळी, क्वार्टर्स, शाळा आणि एक विशिष्ट वास आणून वसवला. लाकडाच्या लगद्यापासून रेशमासारखा धागा काढायचा तर कार्बन डायसल्फाइड लागते, आणि त्या साऱ्या प्रक्रियेतून जो दर्प सुटतो तो सडक्या अंड्यांच्या जवळपासचा असतो. मे महिन्याच्या सुटीत आम्ही भावंडे आंबिवलीला उतरलो की पहिले दोन दिवस नाक मुठीत धरून हिंडत असू. तिसऱ्या दिवशी वास जाई. म्हणजे वास तिथेच असे, आमची नाके आंबिवलीची होत.

अशा वासात आठवडाभर उभा राहणारा माणूस रविवारी डोंगरात पळाला तर त्याला दोष कोण देणार? मामी देत असे, ते सोडा. मामांचा डोंगर म्हणजे माहुली. वासिंद सोडले की गाडीच्या खिडकीतून तो दिसू लागतो आणि आसनगावला अगदी समोर येऊन उभा राहतो. सुमारे २,८०० फूट उंच, माथ्यावर कापल्यासारखे सुळके. लोकांनी त्यांना नवरा, नवरी, भटोबा अशी नावे देऊन अख्खे लग्नच डोंगरावर चढवले आहे. शहाजीराजांनी १६३६ साली मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे शेवटचा टिकाव धरला तो इथेच. पण मामा इतिहासासाठी जात नसत. त्यांच्या खांद्याला एक लांब खाकी खोळ असे आणि त्या खोळीत रायफल.

आजच्या वाचकाला हे सांगताना थोडे थांबायला हवे. तो काळ निराळा होता. मुंबई राज्यात १९५१ चा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षणाचा कायदा होता. त्याप्रमाणे शिकारीचा परवाना मिळे, आणि मुदत, मोसम, कोणते जनावर चालेल, कोणते नाही, हे सारे त्यात ठरलेले असे. बंदुकीचा परवाना वेगळा, तो ठाण्याच्या कलेक्टर कचेरीतून. मामांच्याकडे दोन्ही होते. शिवाय माहुलीच्या पायथ्याच्या वाडीतल्या शेतकऱ्यांचे दरवर्षीचे बोलावणे असे. भात तयार झाले की रानडुकरे उतरत, आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर पेरलेला वाल जरा वर आला की पुन्हा उतरत. एका रात्रीत डुकरांचा कळप शेताची जी अवस्था करतो ती पाहिली म्हणजे शिकारीच्या बाजूचे आणि विरुद्धचे सगळे शहरी वाद जरा वेळ गप्प बसतात.

मामांची रायफल .३१५ बोअरची होती. हा आकडा जगात इतरत्र फारसा कोणाला ठाऊक नाही, पण आपल्याकडे शिकाऱ्याच्या घरातला तो ओळखीचा आकडा. त्यामागे इंग्रज सरकारचा धूर्तपणा आहे. लष्कराची रायफल .३०३ ची. तशीच रायफल लोकांच्या हाती गेली तर छावणीतून चोरलेली काडतुसे तिच्यात चालतील, ही सरकारची भीती. म्हणून लष्करी बोअर नागरिकांना बंद. मग उपाय काय, तर बंदुकीचा सांगाडा त्याच ली-एनफिल्डचा ठेवायचा, नळी मात्र ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर काडतुसाच्या मापाची, आठ मिलिमीटरची बसवायची. स्वातंत्र्य आले, तरी कलकत्त्याजवळच्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातून हीच रायफल निघत राहिली. आंबिवलीतल्या शेजाऱ्यांची समजूत अशी की मामांनी ती अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून 'ओळखीने' आणली. अंबरनाथला पितळ वगैरे धातूंचे काम चालते, बंदुका होत नाहीत, हे मामा सांगत, आणि शेजारी डोळे मिचकावून 'बरं बरं' म्हणत.

या रायफलीचा बोल्ट दंडगोल दांड्यासारखा असतो. मूठ वर उचलून मागे ओढली की झडलेले टोपण बाहेर उडते, पुढे ढकलून खाली दाबली की नवे काडतूस नळीत जाते आणि कुलूप लागते. दाराच्या कडीसारखे साधे काम. वाळू जाऊ दे, पाऊस पडू दे, ती अडत नाही. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ सोळा ग्रॅम. जाड, मंद आणि खात्रीची. डुकराला लागली की दुसरी लागत नाही. सगळे चांगले होते. वाईट होते ते एकच, वजन.

ते वजन आम्ही प्रत्यक्ष केले आहे. त्या वेळी दशमान वजने नुकतीच सक्तीची झाली होती, तरी स्टेशनाजवळच्या वाण्याकडे जुनी रत्तलाची मापे कोपऱ्यात पडून होती. मामांनी पट्ट्यासकट, पाच काडतुसे भरायच्या बेताने, एका दुपारी रायफल त्याच्या मोठ्या तराजूत घातली. काडतुसे अर्थात कागदाच्या पुडीत वेगळी ठेवली होती. आठ रत्तल आणि वर चिमूटभर. वाण्याने विचारले, "कशाच्या भावाने लावू?"

आठ रत्तल म्हणजे साडेतीन किलोच्या थोडे वर. पिशवीत तेवढे बटाटे घेऊन आपण बाजारातून सहज येतो. पण माहुलीची चढण ही बाजाराची वाट नव्हे. तासाभराने खांद्याचे हाड पट्ट्याखाली वेगळे जाणवू लागते. दुसऱ्या तासाला माणूस रायफल डाव्या खांद्यावरून उजव्यावर, उजव्यावरून डाव्यावर अशी पोरासारखी बदलतो. आणि तिसऱ्या तासाला, जेव्हा खरोखर तिचे काम पडते, तेव्हा ती उचलायला हात वर येत नाहीत. १९६४ साली मामा एक्केचाळीस वर्षांचे होते आणि उजव्या गुडघ्याने कुरकुर सुरू केली होती. त्यांनी ठरवले की हलकी रायफल घ्यायची.

मध्यमवर्गीय माणसाने काही घ्यायचे ठरवले म्हणजे प्रथम तो त्याविषयी वाचतो. मामांनी कॉर्बेट पुन्हा काढला. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरसाहेबांनी कॉर्बेटला रिग्बी कंपनीची .२७५ ची रायफल भेट दिली. माउझरच्या बोल्टची, सुटसुटीत. ती घेऊन तो कुमाऊँच्या डोंगरात एकटा हिंडला. मामांच्या स्वप्नात ती रायफल येई. मामीच्या स्वप्नात त्या वेळी पाटल्या येत होत्या, आणि दोघांच्या स्वप्नांना मिळून पगार एकच होता.

मला आज वाटते की मामांची पहिली चूक इथेच झाली. डोंगरातली शिकार म्हटले की पुस्तकातला शिकारी हिमालयात किंवा आल्प्समध्ये असतो. तिथे झाडी संपते, वर उघडे खडक, त्यांवर रानबकरे, आणि मधे दोन-तीनशे वारांची दरी. तिथे बंदूक हलकी हवी, गोळी वेगवान हवी, लांबवर सरळ जाणारी हवी. आपल्या उत्तर सह्याद्रीत रानबकरा नाही. इथे डोंगर म्हणजे कारवीचे रान, करवंदाच्या जाळ्या, आणि जनावर दिसले तर पन्नास-साठ पावलांवर दिसणार, तेही दोन क्षण. म्हणजे डोंगर चढण्यापुरती आपली गरज हिमालयातली आणि बार काढण्यापुरती परसातली. या दोन गरजा एकाच बंदुकीत बसवणे हा खरा प्रश्न होता, आणि तो कोणत्याच इंग्रजी पुस्तकात नव्हता.

मुंबईच्या एका जुन्या बंदूकवाल्याच्या दुकानात मी मामांबरोबर गेलो होतो. तेलाचा, चामड्याचा आणि जुन्या लाकडाचा वास, भिंतीवर सांबराची शिंगे, आणि काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवलेले वृद्ध गृहस्थ. परदेशातून बंदुका येणे तोवर जवळजवळ थांबलेच होते. जे होते ते जुने. संस्थानिकांनी विकलेले, मळेवाल्या इंग्रजांनी जाताना सोडलेले. त्यांनी एक .३०-०६ ची हलकी रायफल काढून दिली. हातात घेतल्यावर काठीच वाटली. मामा खूश झाले. दुकानदाराने चष्मा खाली घेतला.

"साहेब, झाडली आहे का कधी हलक्या अंगाची तीस-शून्य-सहा? काडतूस तेच राहिले आणि बंदूक हलकी झाली, तर धक्का वाढतो. काडतुसाची ताकद कुठे तरी जाणारच. जड बंदूक ती स्वतः खाते, हलकी बंदूक तुमच्या खांद्याला खायला घालते. तीन बार काढा, चौथ्या वेळी तुमचे डोळे चाप ओढायच्या आधीच मिटतील."

माल खपवण्यापेक्षा समजावण्यात ज्याला आनंद आहे असा दुकानदार पुढे मी फार पाहिला नाही. पातळ नळी दोन-तीन बारांनी तापते आणि नेम सरकतो, हे त्यांनीच सांगितले. आखूड नळीचा आवाज कानठळ्या बसवतो. पावसाळ्यात दस्त्याचे लाकूड फुगून नळीला चिकटते, आणि दसऱ्याला बरोबर लागणारी रायफल श्रावणात वीतभर बाजूला मारते. त्यामुळे आपल्या हवेत सुंदर दस्त्यापेक्षा नीट मुरलेला दस्ता बघून घ्यावा. डोंगरात नेम धरताना आणखी एक गंमत. चढावर मारा की उतारावर, गोळी दोन्ही वेळा अपेक्षेपेक्षा वरच लागते. कारण गोळीला खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण तिरप्या अंतराचा हिशेब करत नाही, ते फक्त आडव्या अंतराचा करते. मामा विज्ञानाचे पदवीधर. ते मान डोलावत होते, पण हे त्यांना त्या क्षणापर्यंत सुचलेले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसले.

"मग हलकी आणि धक्का न देणारी?" मामांनी विचारले.

"तर मग काडतूसच लहान घ्यायचे. मानलिखर-शोनावर. पण माझ्याकडे नाही."

ती मिळाली इगतपुरीला. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिथे राहत. त्यांच्याकडे १९०३ च्या नमुन्याची ती ऑस्ट्रियन कार्बाइन होती. ज्याने ती एकदा हातात धरली तो विसरत नाही. दस्त्याचे लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत आलेले, बोल्टची मूठ लोण्याच्या सुरीसारखी चपटी, आणि आतली काडतुसे गोल फिरणाऱ्या चक्रावर बसलेली. काडतूस साडेसहा मिलिमीटरचे, लांबोडकी गोळी, धक्का अगदी सोसवेल असा. वजन साडेसहा रत्तलांच्या आतबाहेर. म्हणजे मामांच्या रायफलीपेक्षा दीड रत्तल कमी. किंमत मात्र मामांच्या सहा महिन्यांच्या पगाराएवढी. वर काडतुसांची टंचाई. मामी म्हणाली, "अहो, रॉकेल मिळत नाही म्हणून आपण दुसरा स्टोव्ह घेत नाही, आणि काडतूस मिळत नाही ती बंदूक घेणार?" हा युक्तिवाद मला तेव्हाही बिनतोड वाटला होता. मामांनी तो ऐकला नाही. मामेबहिणीच्या कॉलेजसाठी पोस्टात ठेवलेले पैसे त्यांनी मनातल्या मनात मोजले होते, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले.

घेण्यापूर्वी डोंगरात एकदा पाहायची असे ठरले. इगतपुरीचे गृहस्थ स्वतः रायफल घेऊन आसनगावला उतरले. मार्गशीर्षातली थंड सकाळ. मी तेरा वर्षांचा, हट्ट करून मागे लागलेलो. वाडीतला एक म्हातारा ठाकूर नेहमी मामांबरोबर वाटाड्या म्हणून येई. तो पुढे, त्याच्यामागे मामा, मग गृहस्थ, शेवटी मी आणि दशम्यांची पिशवी. मामा त्या दिवशी खरोखर पोरासारखे चढले. खांदा बदलणे नाही, थांबणे नाही. ठाकूर दोनदा मागे वळून म्हणाला, "सायेब, सावकाश. दम खाली बसू द्या." मामा हसले. दीड रत्तलाने माणूस किती बदलतो, याचे मला नवल वाटत होते.

ओढ्याच्या वरच्या अंगाला कारवी दाट होती. पाने पिवळी पडून झडू लागलेली, पण काठ्या माणसाच्या डोक्याच्या वर. खाली उतारावर वालाची शेते. ठाकूर एकदम बसला आणि हात मागे केला. कारवीत सळसळ. काळी पाठ हलली, थांबली, पुन्हा हलली. मामांच्या खांद्याला रायफल केव्हा लागली ते मी पाहिलेच नाही. आधी ती हातात होती, मग ती खांद्याला होती. मधले काही घडलेच नाही.

आणि मग मामांनी ती खाली घेतली.

काळ्या पाठीच्या मागे, तीसेक पावलांवर, कारवीतून लाल रंग वर आला. लुगडे होते. डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई वाकून काठीचा आधार घेत चढून आली. डुक्कर केव्हाच उतारावरून नाहीसे झाले होते. बाईने ते पाहिलेही नसावे. ती आमच्याजवळून गेली, ठाकुराकडे विडी मागितली, त्याने दिली, तिने काडी ओढून पेटवली आणि तशीच खाली निघून गेली. आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही.

मामा दगडावर बसले. त्यांचा हात कापत होता. माझ्याकडे न पाहता ते इगतपुरीच्या गृहस्थांना म्हणाले, "रायफल फार चांगली आहे. फारच चांगली आहे." आणि ती त्यांच्या हवाली केली.

परतीच्या गाडीत ते खिडकीपाशी बसून होते. खडवली गेले, तेव्हा माझ्याशी बोलले. "माझी ती आठ रत्तलांची रायफल उचलायला मला किती वेळ लागतो रे? एक श्वास. तेवढ्या श्वासात डोळे पुढे जाऊन पाहून येतात. आज बंदूक डोळ्यांच्या आधी पोचली. चाप अर्धा ओढला होता मी."

आता, बंदूक जाणणारा कोणी म्हणेल की दोष रायफलीचा नव्हता. दम लागलेला असताना, जनावराच्या मागे काय आहे हे न पाहता नेम धरणे ही शिकाऱ्याची चूक, बंदूक कितीही रत्तलांची असो. ते खरेच आहे, आणि मामांनाही ते ठाऊक होते. शिवाय माहुलीसारख्या काळ्या खडकाच्या डोंगरात गोळी चुकली तर ती मातीत शिरून गप्प बसत नाही. खडकावरून उडून कुठे जाईल याचा नेम नाही, आणि रायफलीची गोळी मैलभर मारक असते. ठाकूर तर नेहमी म्हणे की शेताच्या राखणीला बारा बोअरची दुनळी पुरे, एवढी लांबची बंदूक इथे कशाला? माझ्या मते त्या साऱ्या प्रकरणात सर्वांत शहाणे मत त्याचेच होते आणि ते कोणी विचारले नव्हते. पण माणूस आपला स्वभाव ओळखून वस्तू घेतो, निदान घ्यावी. मामा उतावळे होते. आठ रत्तलांचा लगाम त्यांना मानवत होता.

मग त्यांनी दुसरीकडून वजन उतरवायला सुरुवात केली. हे प्रकरण मला सर्वांत आवडते. वीस काडतुसांचा चामडी पट्टा घरी राहिला, खिशात पाच आली. "पाचांत झाले नाही तर विसांत होत नाही," हे ते स्वतःलाच सांगत. खिळे ठोकलेले लष्करी बूट गेले आणि रबरी तळव्याचे कॅनव्हासचे जोडे आले. पायातले ओझे पावलागणिक उचलावे लागते, त्यामुळे पायातला एक रत्तल गेला तर खांद्यावरचे तीन-चार गेल्यासारखे वाटते, असे त्यांचे मत. अॅल्युमिनियमची लष्करी पाण्याची बाटली गेली, कारण माहुलीच्या वाटेवर पाणी कुठे असते हे ठाकुराला ठाऊक होते. रायफलीचा अरुंद पट्टा काढून कल्याणच्या मोच्याकडून तीन बोटे रुंद पट्टा शिवून घेतला. आणि शेवटी स्वतःचे पोट. त्यावर मामीने आनंदाने सहकार्य केले. हिशेब मांडला तेव्हा पाच-सहा रत्तल उतरले होते, रायफलीला हातही न लावता. खर्च सारा मिळून तीस रुपयांच्या आत. पोस्टातले पैसे पोस्टात राहिले. मामेबहीण पुढे बी.एस्सी. झाली आणि तिच्या लग्नात मामीच्या हातात पाटल्याही होत्या.

मामा त्यानंतरही सात-आठ वर्षे माहुलीला जात राहिले. मात्र बार किती काढले, विचाराल तर फार थोडे. जायचे, बसायचे, पाहायचे, शेताजवळ रात्री दोन हवेत काढून डुकरे हुसकायची. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा केंद्राचा कायदा आला. त्यातही आरंभी काही जनावरांसाठी परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. मामांनी १९७२ सालीच आपणहून थांबवले. माहुलीचे रान आता तानसा अभयारण्यात आहे. पिकाचा नाश करणाऱ्या डुकरासाठीसुद्धा आज वनखात्याची लेखी परवानगी लागते. माहुलीच्या वाटेवर रविवारी पाठीवर पिशव्या घेतलेली मुले-मुली भेटतात, आणि त्यांच्यात हलक्या पिशवीवरून आणि हलक्या बुटांवरून जे वाद चालतात ते ऐकले की मला वाण्याचा तराजू आठवतो.

रायफल मात्र घरातच राहिली. परवान्याचे नूतनीकरण, तपासणी, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेणे. विधानसभा, लोकसभा, महानगरपालिका. लोकशाहीतली प्रत्येक निवडणूक मामांच्या रायफलीने चौकीच्या कपाटात काढली. परत आली की ते ती उलगडून तेल लावत, बोल्ट मागे-पुढे करत, आणि पुन्हा खोळीत घालत.

कारखाना २००९ साली बंद पडला. मामा कधीच निवृत्त झाले होते, पण सकाळी उठून खिडकीशी येत आणि म्हणत, "आज वास नाही." पहिले काही दिवस त्यांना त्याचा आनंद झाला असावा असे मला वाटले होते. तसे नव्हते. हजारो घरांची चूल त्या वासावर चालली होती, आणि थकलेल्या पगारांसाठी कामगारांचे खेटे आणि मोर्चे त्यांनी त्याच खिडकीतून पाहिले.

२०११ साली मामा गेले. परवाना असतो माणसाच्या नावाचा. माणूस गेला की घरात ठेवलेली बंदूक बेकायदा होते. वारसाने एक तर स्वतःच्या नावे परवाना मागायचा, नाही तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. मामेबहिणीने मला बोलावले. आम्ही दोघे रिक्षाने निघालो, ती मांडीवर घेऊन. मी साठीच्या घरात, ती माझ्याहून मोठी. वाटेत ती म्हणाली, "केवढी जड आहे रे! बाबा ही घेऊन डोंगर कसे चढत?"

मी तिला माहुलीची सकाळ सांगितली. पोस्टातल्या पैशांचे तिला आधीच ठाऊक होते. मामीने सांगितले होते. लाल लुगड्याचे ठाऊक नव्हते. ती काही वेळ खोळीवरून हात फिरवत राहिली.

विक्रेत्याने नंबर तपासला, कागद केले, पावती दिली. खोळ तो ठेवून घेणार होता, तेवढी तिने मागून घेतली. आता ती आंबिवलीला तिच्या ब्लॉकच्या माळ्यावर असते. भातखाचरांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींपैकी एकीत, चौथ्या मजल्यावर. दरवर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी नातू स्टुलावर चढून ती खाली काढतो, आणि आकाशकंदील टांगायची बांबूची लांब काठी तिच्यातून बाहेर ओढतो.